सरांचं सरोवर

सरांशी पाच मिनिटं बोललेल्या कुठल्याही माणसाला कॅनडातल्या ग्रेट बेअर लेकला किती बाहू आहेत ते सांगता यायचं, त्याची इच्छा असो वा नसो. पाच. आमच्या शाळेच्या शिपायाला ते ठाऊक होतं, समोरच्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक होतं, गेटबाहेर बर्फाचा गोळा विकणाऱ्या भैयालाही ठाऊक होतं. त्याला तर सर दर उन्हाळ्यात थांबवून विचारत, "ये बरफ कितना टिकेगा?"

"दो घंटा, साब."

"उधर जुलै तक टिकता है," असं म्हणून सर समाधानाने मान हलवत आणि गोळा न घेताच निघून जात.

आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो आणि मला तिथल्याच एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर माझ्या समोर येऊन बसले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला तीन पेनं आणि तिन्ही निळी.

"मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"गिरगावची."

"म्हणजे एकोणीस अंशांच्या जरा खाली. माझं गाव मराठवाड्यात, एकोणीसच्या जरा वर. आणि सरोवर सहासष्टवर."

कुठलं सरोवर, हे विचारायची चूक मी केली. तो तास मला मोकळा होता. घंटा झाली तेव्हा मी पूर्वेकडच्या बाहूत कुठेतरी होते आणि वह्यांचे गठ्ठे तसेच पडले होते.

सर सरोवर दाखवायचे ते डाव्या पंजाने. पंजा फाकवून समोर धरायचा. पाच बोटं म्हणजे पाच बाहू. मनगटातून नदी निघते ती पश्चिमेला जाते, असं म्हणून ते घड्याळ वर सरकवत. हा पंजा ते कुठेही उघडत. एकदा घोडबंदरच्या बसमध्ये त्यांनी मला बाहू समजावायला पंजा वर केला, तर कंडक्टरने पाच तिकिटं फाडली. सरांनी ती परत केली नाहीत. "चूक त्याची नाही," म्हणाले, "त्याला कुणी शिकवलंच नाही."

वर्गात ते क्रमिक पुस्तक अगदी वेळेत संपवत. कोकणची किनारपट्टी, दख्खनचं पठार, खनिजं, पिकं, सगळं जानेवारीच्या आधी पुरं. मग उरलेले तास सरोवराचे. मात्र दहावीच्या मुलांना ते कडक बजावत, "पोरांनो, हे परीक्षेत लिहायचं नाही. बोर्डाला हे सरोवर माहीत नाही. हे आपल्यापुरतं आहे." आणि मुलंही ते गुपित सांभाळल्यासारखी सांभाळत. घरची भांडीकुंडी, पाण्याचा टँकर, बापाची शिफ्ट यांतून आलेली ती मुलं बर्फाला भोक पाडून जाळं कसं टाकतात हे ऐकताना एकदम शहाण्यासारखी बसत. बर्फाला एका ओळीत भोकं पाडायची, पहिल्या भोकातून लांब काठी आत सोडायची, तिला दोरी बांधलेली, ती काठी बर्फाखालून दुसऱ्या भोकाकडे ढकलायची, तिथून तिसऱ्या, आणि शेवटच्या भोकातून दोरी ओढली की मागोमाग जाळं. सर हे सगळं बाकांच्या रांगेखालून फूटपट्टी आणि सुतळी सरकवून करून दाखवत. सुतळी शेवटच्या बाकाखालून बाहेर आली की वर्ग टाळ्या वाजवी.

माशांबद्दल त्यांना फार आदर होता. तिथला ट्राउट थंड पाण्यामुळे इतका सावकाश वाढतो की ताटभर मासासुद्धा पन्नास वर्षांचा असू शकतो. "मॅडम, तो तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेल," ते मला म्हणाले. "त्याला अहो-जाहो करायला हवं."

पण स्वतः सर मासे खात नसत. लहानपणी घशात एकदा काटा अडकला होता, तेव्हापासून बंद. तरी दर रविवारी गोडदेवच्या मासळीबाजारात ते हजर. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. तिथे एक कोळीण मावशी होती, तिच्याशी त्यांचा कायमचा वाद.

"मावशी, आमच्या सरोवरावर बर्फाच्या खाली जिवंत मासा असतो."

"बरफाच्या खाली? जित्ता?" मावशी पाटीतल्या बोंबलांवर बर्फ सारत म्हणे. "सर, आमच्याकडं मासा मेल्यावर बरफ लागतंय. तुमच्याकडं जित्तेपनीच घालतात काय त्याला?"

"पाणीच गोठतं तिथलं."

"मंग तुमी घेनार काय ते बोला. बोंबील हाय, बोय हाय. बाजूला तरी व्हा, गिऱ्हाईक उभं हाय."

सर बाजूला होत आणि तिथून सांगत राहत.

आमच्या शाळेत एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत होती, ती म्हणजे सर सात वर्षं कॅनडात राहून आले आहेत. ही माहिती खुद्द संस्थेच्या अध्यक्षांकडून आलेली. प्रवेशाच्या वेळी ते पालकांना सांगत, "आमच्याकडे भूगोलाला फॉरेन-रिटर्न्ड सर आहेत. बर्फात सात वर्षं काढलेत त्यांनी." सर समोर असले तर खाली बघत. आम्हाला वाटे, विनय.

मी आल्यावर दुसऱ्या वर्षी सरांनी मला एका कामाला जुंपलं. त्यांना सरोवरावर पत्र पाठवायचं होतं, इंग्रजीतून. मजकूर त्यांनी मराठीत लिहून आणला. अकरा पानं. सुरुवात "सविनय नमस्कार, विनंती विशेष". मग प्रश्न. बर्फाला पहिलं भोक कुठल्या बाजूने पाडता? काठी लाकडाची की लोखंडाची? ती वाट चुकली तर काय करता? जाळं ओढताना हातमोजे घालता की काढता? मासा वर आल्याबरोबर गोठतो की थोडा विचार करतो? हे शेवटचं मी गाळावं म्हणून खूप सांगितलं. सरांनी ऐकलं नाही.

"पत्ता काय घालू, सर?"

"शाळेला लिहू. शिक्षक कुठलाही असो, प्रश्न आला की उत्तर देतोच."

काठावर एकच गाव आहे, तेव्हा शाळाही असणारच, हा त्यांचा हिशोब. मी लिहिलं: सरोवराकाठची शाळा, ग्रेट बेअर लेक, कॅनडा. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "पिनकोड?" सर म्हणाले, "तिथे इतकी माणसंच नाहीत."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. जाड लिफाफा, आत त्याच गावातल्या एका निवृत्त शिक्षकाचं पत्र. तो आयुष्यभर शाळेत शिकवतही होता आणि जाळंही टाकत होता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नंबर घालून दिलेलं. हातमोजे काढावे लागतात. काठी वाट चुकते तेव्हा शिव्या देतो. मासा थोडा विचार करतो. सरांनी ते पत्र मला चारदा वाचायला लावलं आणि "थोडा विचार करतो" या ओळीला दरवेळी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

मग पत्रं सुरू झाली ती तीन वर्षं चालली. आणि एक दिवस पत्र आलं की तो गृहस्थ पुतणीबरोबर भारत बघायला येतोय, दिल्ली-आग्र्याला जायच्या आधी एक दिवस आमच्यासाठी काढणार आहे.

अध्यक्षांना ही बातमी कळली आणि दुसऱ्याच दिवशी बॅनर छापायला गेला. "सरोवरयात्री सरांचा व त्यांच्या कॅनडास्थित मित्राचा हृद्य सत्कार." हॉल, शाली, श्रीफळं, ढोल-लेझीम. सरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. मला वाटलं, दगदग. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी, शाळा सुटल्यावर, ते माझ्या वर्गात आले आणि बाकावर बसले. मुलाच्या बाकावर, गुडघे वर.

"मॅडम, एक अडचण आहे."

"बोला ना."

"मी तिथे कधी गेलेलो नाही."

"कुठे?" मला खरंच कळलं नाही.

"कॅनडात. कुठेच. विमानात बसलेलो नाही. बोटीतही नाही. मला पाण्याची भीती वाटते, मॅडम."

मी खडू खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं होतं, आवडता विषय कोणता. सर सरोवरावर बोलायला लागले ते थांबेचनात. बोलता बोलता आपल्या गावच्या शाळेचाही विषय निघाला. अध्यक्षांनी विचारलं, "तिथे किती वर्षं होतात?" सरांना वाटलं, गावच्या शाळेत. ते म्हणाले, "सात." अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी हात मिळवला. हा हात कशाबद्दल हे सरांना आठवड्याने कळलं. तोवर नोकरी लागली होती. गोडदेवला भाड्याची खोली घेतली होती.

"मग सांगितलं का नाही?"

"रोज सांगणार होतो. वीस वर्षं रोज. आता उद्या तो माणूस येईल. अध्यक्ष त्याला माझ्याबद्दल विचारतील. तुम्हीच दुभाषी आहात. मुलं समोर असतील, मॅडम. वीस वर्षं सांगितलेलं सगळंच खोटं वाटेल त्यांना."

"पण सरोवरच का, सर?" हे मी त्यांना तोवर कधी विचारलंच नव्हतं.

"वाटणीला आलं," ते म्हणाले. त्यांच्या गावच्या शाळेत नकाशांचं एकच मोठं पुस्तक होतं आणि पोरं चाळीस. गुरुजींनी सरळ पानं फाडली आणि एकेकाला एकेक दिलं. आपापलं पान पाठ करा आणि सांभाळा, म्हणाले. "कुणाला बंगाल आला, कुणाला ब्राझील. आमच्या वस्तीतल्या एकाला सहारा आला, तो पुढे पाणीपुरवठ्यात लागला. मला हे आलं. उन्हाळ्यात आई डोक्यावर दोन हंडे घेऊन तीन कोस चालायची. आणि माझ्या पानावर बघावं तिकडे पाणी. मी ते पान सोडलंच नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्ही काळजी करू नका. अध्यक्ष काय म्हणतील ते मी इंग्रजीत नीट फिरवून सांगेन. त्या माणसाला काही कळणार नाही."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी पुरवणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. साठीचा, रुंद, सावळा, दोन राखाडी वेण्या. पुतणीला हॉटेलात बरं नव्हतं म्हणून एकटाच टॅक्सी करून आला होता. सरांना बघताच त्याने डावा पंजा फाकवून वर केला. हे मी कधीतरी पत्रात लिहिलं होतं. सरांनीही पंजा वर केला. दोघं तसेच उभे राहिले, मग हसत सुटले.

समारंभात अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "आमचे सर सात वर्षं यांच्याच गावी राहिले. एकाच ताटात जेवले असतील!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा मॅडम, सांगा त्यांना."

मी पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं की सरांचा अभ्यास फार मोठा आहे. तेवढ्यात सर उठले. अध्यक्षांच्या हातातून माईक घेतला. माईक शिट्टीसारखा वाजला.

"मुलांनो," सर म्हणाले, "मी कॅनडात कधीही गेलेलो नाही. सात वर्षंही नाही, सात दिवसही नाही. मी तुम्हाला शिकवलं ते सगळं एका पानावरून, वाचनालयातल्या पुस्तकांवरून आणि ह्यांच्या पत्रांवरून शिकवलं. मी गेलो होतो असा समज झाला, तो मी दूर केला नाही. ही माझी चूक आहे."

अध्यक्षांचं तोंड उघडंच होतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. सर माईक धरून तसेच उभे. मग आठवीतली एक मुलगी उभी राहिली. दोन लाल रिबिनी, आवाज खणखणीत.

"सर, पण बाहू पाचच आहेत ना?"

पाहुण्याने मला विचारलं, ती काय म्हणाली. मी आता सगळं खरं सांगितलं, सरांचंही आणि तिचंही. तो उठला, सरांच्या शेजारी गेला आणि मुलांकडे तोंड करून त्याने पंजा वर केला. पाच. सगळा हॉल ओरडला.

मग तो बोलला आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "मी जन्मापासून त्या पाण्यावर आहे. पण सरोवर एवढं मोठं की पाचांपैकी दोनच बाहू मी पाहिलेत. आमच्याकडे विमानातून लोक येतात, मोठा मासा धरून फोटो काढतात आणि जातात. जाळ्याची काठी वाट चुकली तर काय करता, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पुतण्यांनीही नाही. उरलेल्या तीन बाहूंची माहिती मी ह्यांनाच पत्रातून विचारतो."

टाळ्या थांबेनात तेव्हा अध्यक्षांनी माईक परत मिळवला. एवढी वर्षं संस्था चालवलेला माणूस, तो काही गडबडला नाही. "बघा!" ते म्हणाले. "न जाता एवढं! गेले असते तर काय केलं असतं!" आणि दोघांच्या अंगावर शाली घालून टाकल्या. पाहुण्याने श्रीफळ हातात घेतलं, कानाशी हलवलं, आत पाणी आहे हे कळल्यावर फार खूश झाला आणि दिवसभर ते हातातून सोडलं नाही.

जेवायला सरांच्या घरी. वहिनींनी ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. "ह्यांना वसईला न्यायचं म्हटलं तरी खाडीचा पूल आला की डोळे मिटून घेतात," त्या मला म्हणाल्या. "मी म्हणायचे, सांगून टाका एकदा. तर म्हणे, उद्या."

जेवण झाल्यावर सरांनी ते पान आणलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, घड्यांवर झिजलेलं. पाहुणा चष्मा लावून वाकला. उत्तरेच्या बाहूत एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं.

"हे काय?"

"बेट," सर म्हणाले. "त्याला नाव दिलेलं नाही, म्हणून मी आमच्या गावाचं नाव ठेवलंय. मुलांना पाठ आहे."

पाहुण्याने मान हलवली. तिथे बेट असल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. सरांनी ऐकून घेतलं नाही. "मॅडम, त्यांना सांगा, तो बाहू त्यांनी पाहिलेला नाही." मी सांगितलं. पाहुण्याने विचार केला, पान प्लॅस्टिकमधून काढलं, खिडकीशी उजेडाला धरलं आणि वहिनींना दाखवलं. वहिनींनी नखाने जरा घासलं, बोट नाकाशी नेलं.

"जवसाची चटणी," त्या म्हणाल्या. "दप्तरात भाकरीला लावून ठेवत असतील. तेलाचा डाग आहे हो हा."

वीस तुकड्या त्या बेटावरून पास होऊन गेल्या होत्या. पाहुण्याला मी सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग सरही हसले, पण जरा उशिरा. पाहुणा म्हणाला, आमच्याकडे बिननावाची बेटं पुष्कळ आहेत, तुमच्या गावाचं नाव मी एखाद्याला देईन आणि पोरांना तेच सांगेन. सरांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून ते कागदावर लिहून घेतलं.

परतायला वेळ होता. पाहुणा म्हणाला, तुमचं पाणी बघायचंय. आमचं पाणी म्हणजे घोडबंदरची खाडी. मासळीबाजारातल्या मावशीचा भाऊ तिथे होडी चालवायचा, त्याला सांगून ठेवलं होतं. तिथल्या किल्ल्याखालच्या धक्क्यावर तो उभा होता. पाहुणा होडीत असा चढला, जणू पाय जमिनीवरच आहेत. मी साडी सावरत चढले. सर धक्क्यावरच.

"या ना सर," होडीवाला म्हणाला. "आज पानी गप हाय."

"मी इथून बघतो."

पाहुण्याने हात पुढे केला. सरांनी चपला काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि डोळे मिटून पाय टाकला. होडी डुलली. सर मधल्या फळीवर बसले आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून राहिले. त्यांना इतकं गप्प मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते, पण माझं काही काम पडेना. पाहुण्याने होडीतल्या जाळ्याला हात लावला, भोकं बोटांनी मोजली, गाठ उलटी करून पाहिली. होडीवाल्याने आपली गाठ मारून दाखवली. पाहुण्याने आपली. मग बर्फ, भोकं, काठी, सगळं त्याने हातांनी करून दाखवलं.

"म्हंजे आपलंच जालं हाय," होडीवाला मला म्हणाला. "वर झाकन घातलेलं. पन वारा न्हाय लागत ना त्यांना, बरं हाय की."

मध्यावर गेल्यावर त्याने वल्हं थांबवलं. ओहोटी लागली होती. कांदळवनाखालचा चिखल उघडा पडत होता आणि त्यावर निवटे, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होते. सरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग फळीवरचा एक हात सोडला, बोटं पाण्यात बुडवली आणि पटकन काढून घेतली.

"कोमट आहे," ते आश्चर्याने म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी होडीवाल्याला विचारलं, "इथे खोली किती?"

"आपन न्हाय मोजली कधी. पडून बघा न सर, मंग आमालापन सांगा."

पाहुण्याला मी हे सांगितलं, तर तो हसता हसता वाकून होडीच्या तळाशी काहीतरी शोधायला लागला. एक दगड आणि दोरी सापडली. त्याने गाठ मारली आणि दगड सरांच्या हातात दिला. सरांना उभं राहावं लागलं. एका बाजूने पाहुण्याने धरलं, एका बाजूने मी. सरांनी दगड सोडला. दोरी त्यांच्या तळव्यातून सरकत गेली, सरकत गेली आणि थांबली.

"लागला," सर हळूच म्हणाले. "मॅडम, तळ लागला."

त्यांनी दोरी वर ओढली आणि ओली दोरी दोन्ही हात पसरून वावेने मोजली. एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा. शर्ट चिखलाने भरला होता. आपण होडीत उभे आहोत हे ते साफ विसरले होते.

सोमवारी नववी ब च्या वर्गात माझा पहिला तास होता. फळा पुसायला गेले तर मुलं ओरडली, "बाई, ते पुसू नका, सरांनी सांगितलंय." फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: घोडबंदरची खाडी, ओहोटी, साडेतीन वाव. खाली कंसात "स्वतः मोजली", आणि त्याखाली सरांची पूर्ण सही.